रक्तगट पाहून व्यायाम?

ओ रक्तगटाच्या लोकांनी धावावं, जिममध्ये घाम गाळावा. ए गटाच्या लोकांनी दमवणारा व्यायाम टाळून योगासनं आणि संथ हालचाली कराव्यात. बी गटाला पोहणं, सायकल, डोंगर चढणं असा मध्यम व्यायाम मानवतो. एबी गटानं थोडं हे, थोडं ते करावं. हा तक्ता मोबाइलवर कधी ना कधी तुमच्याकडेही आला असेल. तो सोपा आहे, त्यात आपला गट शोधायला मजा येते आणि रक्ताचा संबंध आल्यामुळे तो प्रयोगशाळेतून तपासून आल्यासारखा वाटतो. म्हणूनच तो एकदा नीट तपासायला हवा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. व्यायाम निवडताना रक्तगटाचा काडीचाही उपयोग होत नाही. पण सगळ्यांनी सारखाच व्यायाम करावा हेही बरोबर नाही. माणसामाणसांत फरक असतात आणि व्यायाम ठरवताना ते विचारात घ्यावेच लागतात. त्यातले बहुतेक फरक कळायला शिंप्याची टेप, नेहमीचा रक्ताचा रिपोर्ट आणि जिन्याचे दोन मजले पुरतात.

तक्त्याचं मूळ अमेरिकेत आहे. पीटर डी'अॅडॅमो या निसर्गोपचारकानं १९९६ साली रक्तगटानुसार काय खावं यावर एक पुस्तक लिहिलं आणि ते जगभर खपलं. त्याचे वडील जेम्स यांनी १९८० सालच्या पुस्तकात हीच कल्पना मांडली होती. पुस्तकाचा भर आहारावर आहे, व्यायामाचा सल्ला त्याला जोडून येतो. त्यामागची कथा अशी : ओ हा सर्वांत जुना गट, शिकाऱ्यांचा, म्हणून त्यांच्या वंशजांना मांस आणि धावपळ हवी. शेती सुरू झाल्यावर ए गट आला, त्यांना शाकाहार आणि शांत व्यायाम. बी गट गुरं राखत भटकणाऱ्यांचा. एबी सगळ्यांत नवा, मिश्र. रक्तगटावरून माणूस ओळखण्याची हौस याहूनही जुनी आहे. जपानमध्ये ताकेजी फुरुकावा यांनी १९२७ साली रक्तगट आणि स्वभाव यांची सांगड घातली, १९७१ मध्ये मासाहिको नोमी यांच्या पुस्तकानं ती घरोघरी पोचवली. आपल्याकडे लग्न जमवताना जशी रास विचारतात, तसा तिकडे अजूनही रक्तगट विचारला जातो. व्यायामाचा तक्ता याच जातकुळीतला आहे. फरक एवढाच की त्याला उत्क्रांतीची भाषा चढवली आहे.

मुळात रक्तगट म्हणजे काय? १९०१ साली व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिलं की एका माणसाचा रक्तद्रव दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळला तर काही वेळा गुठळ्या होतात, काही वेळा होत नाहीत, आणि यात एक ठरावीक नियम आहे. या शोधामुळे रक्त देणं सुरक्षित झालं आणि त्यांना १९३० साली नोबेल मिळालं. पुढे उलगडलं ते असं. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. नवव्या गुणसूत्रावरचं एक जनुक त्या साखळीच्या टोकाला शेवटची एक साखर जोडणारं विकर तयार करतं. एक प्रकारची साखर जोडली की ए, दुसऱ्या प्रकारची जोडली की बी, दोन्ही जोडल्या की एबी. जनुकात बिघाड असेल आणि काहीच जोडलं गेलं नाही, तर ओ. या साखळ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि इतर काही पेशींवरही असतात, त्यामुळे त्या अगदीच निरुपयोगी आहेत असं नाही, त्याकडे पुढे येऊच. पण व्यायामानं बदल घडतो तो हृदयाच्या रक्त ढकलण्याच्या क्षमतेत, स्नायूंच्या तंतूंत, पेशींमधल्या ऊर्जाकेंद्रांत, हाडांच्या घनतेत, इन्सुलिनच्या परिणामात. टोकाच्या साखरेवरून यातलं काय कसं बदलेल, याचा पत्ता कुणालाही लागलेला नाही.

या तक्त्याला सर्वांत अडचणीत आणणारा पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका अनोख्या रक्ताची नोंद केली. त्या रक्तात ए नव्हता, बी नव्हता, आणि ओ गटाच्या माणसांत जी मूळ साखळी असते ती एच नावाची खूणही नव्हती. याला जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. नेहमीच्या तपासणीत तो ओ म्हणून खपून जातो आणि अशा माणसाला साधं ओ रक्त चढवलं तर जीवघेणी प्रतिक्रिया येते. आता तक्त्याच्या मांडणीप्रमाणे या लोकांनी कोणता व्यायाम करायचा? त्यांचे पूर्वज शिकारी, शेतकरी की गुराखी? पुस्तकातल्या चारही घरांत त्यांना जागा नाही. पण रक्त चढवून घ्यायची वेळ आली नाही, तर ही माणसं इतरांसारखीच जगतात, खातात, चालतात, धावतात. ज्या खुणेवर आपली तब्येत आणि व्यायाम ठरतो असं सांगितलं जातं, ती खूण मुळासकट नसली तरी शरीराचं काही अडत नाही. याहून बोलका प्रयोग मुद्दाम करूनही जमला नसता.

पूर्वजांची कथाही टिकत नाही. ए आणि बी हे भेद माणसाबरोबर गिबनसारख्या वानरांतही सापडतात, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते किमान दोन कोटी वर्षं टिकून आहेत. शेती सुरू होऊन जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. म्हणजे शेती सुरू झाल्यावर ए आला, हे काळाच्या हिशेबातच बसत नाही. ओ गटाचं बिघडलेलं जनुक तर निअँडरथल माणसाच्या अवशेषांतही मिळालं आहे. आणि ही सगळी गुंतागुंत सोडली तरी साध्या घरातला हिशेब बघा. वडील ए गटाचे, आई बी गटाची, आणि दोघांच्याही पेशींत ओचं एकेक जनुक असलं, तर त्यांना ए, बी, एबी आणि ओ, चारही गटांची मुलं होऊ शकतात. एकाच आईबापांची चार भावंडं, एका ताटात जेवलेली. त्यांतला एक शिकाऱ्याचा वंशज आणि दुसरी शेतकऱ्याची, हे कसं मानायचं? पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हान्का हिर्शफेल्ड यांनी निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासून १९१९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा भारतीयांत बी गटाचं प्रमाण जास्त दिसलं. आजही भारतात बी गट बराच आढळतो. पण म्हणून देशातली एवढी माणसं गुराख्यांची पोरं ठरत नाहीत. गटांचं प्रमाण प्रदेशानुसार बदलतं, आणि त्यात हिवताप आणि इतर साथींचा हात असावा असं दिसतं. कुणी काय खाल्लं आणि कसा व्यायाम केला, याचा नव्हे.

सिद्धांत चुकीचा असूनही सल्ला उपयोगी पडू शकतो, हे मान्य. मग सल्ल्याचा पुरावा बघू. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१३ साली या विषयावरचे १४१५ संदर्भ चाळले. रक्तगटानुसार आहार घेतल्यानं फायदा होतो हे दाखवणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. पुढच्याच वर्षी टोरांटो विद्यापीठानं १४५५ तरुण माणसांचा आहार आणि रक्तगट ताडून पाहिला. ए गटासाठी सांगितलेला भाजीपाला-फळांचा आहार घेणाऱ्यांचं वजन, कमरेचा घेर, रक्तदाब हे सगळं चांगलं होतं. पण ते ए गटाचे असोत, बी असोत वा ओ, फायदा सगळ्यांना सारखाच होता. व्यायामाच्या बाबतीत तर रक्तगटाप्रमाणे माणसं वाटून, प्रत्येक गटाला 'त्याचा' आणि 'दुसऱ्याचा' व्यायाम देऊन केलेली मोठी चाचणीच नाही. उलट, ज्या चाचण्यांवर आजचा वैद्यकीय सल्ला उभा आहे त्यांत रक्तगट कुणी विचारलाच नव्हता. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या चाचणीत ३२३४ लोक होते. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि वजनात सात टक्के घट, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं हाच प्रयोग ५३१ भारतीयांवर केला, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. तिथे जीवनशैलीतल्या बदलानं मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. या माणसांत चारही रक्तगट असणारच. फायदा मिळायला त्यांना आपापला गट माहीत असावा लागला नाही.

आता विचारी वाचक जो आक्षेप घेईल तो घेऊ. रक्तगट आणि रोग यांचा संबंध तर खरा आहे ना? आहे. ओ गटाच्या लोकांच्या रक्तात गोठण्याला मदत करणारा फॉन विलेब्रांड घटक साधारण पाव हिश्श्यानं कमी असतो. त्यामुळे शिरांत गाठ होण्याचा धोका ओ गटात कमी आणि इतर गटांत जास्त असतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोन मोठ्या गटांचा वीस वर्षांहून अधिक काळचा अभ्यास मांडला. ओ गटाच्या तुलनेत हृदयरोगाचा धोका ए गटात सुमारे ५ टक्के, बी गटात ११ टक्के आणि एबी गटात २३ टक्के जास्त निघाला. ओ गटात पोटाच्या अल्सरचं प्रमाण थोडं जास्त असतं, हेही १९५०च्या दशकापासून माहीत आहे. पण ही माहिती तक्त्याच्या बाजूनं उभी राहते का, हे पाहा. ज्या ए गटात हृदयाचा धोका किंचित जास्त, त्यालाच तक्ता हृदयाला काम देणारा व्यायाम टाळून शांत हालचाली करायला सांगतो, आणि धोका सर्वांत कमी असलेल्या ओ गटाला पळवतो. रोगाचे आकडे खरे मानायचे तर तक्ता उलटा टांगावा लागेल. प्रत्यक्षात तोही टांगायची गरज नाही, कारण हे फरक लहान आहेत. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह आणि बैठं आयुष्य यांच्यापुढे ते कोपऱ्यात बसतात. शिवाय हे फरक मूळ धोक्याचे आहेत, व्यायामाच्या परिणामाचे नाहीत. गट कोणताही असो, धोका कमी करणारा व्यायाम तोच राहतो. ए गटाच्या माणसांत ताणाचं संप्रेरक जास्त असतं, म्हणून त्यांनी संथ व्यायाम करावा, असंही सांगितलं जातं. ते क्षणभर गृहीत धरलं तरी निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण नियमित चालणं, पळणं, पोहणं यानंही ताण हलका होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. एकाच व्यायामाचा दोन माणसांवर वेगळा परिणाम होतो, मग त्याचं कारण जन्मजात असायला हवं. हे खरं आहे, आणि मोजलेलंही आहे. उत्तर अमेरिकेतल्या 'हेरिटेज' अभ्यासात सुमारे शंभर कुटुंबांतल्या बैठं काम करणाऱ्या ४८१ माणसांना वीस आठवडे एकसारखा व्यायाम दिला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरनं वाढली. पण काहींची जवळजवळ काहीच वाढली नाही, तर काहींची एक लिटरहून अधिक. या फरकाचा निम्म्याच्या आसपास भाग कुटुंबाशी, म्हणजे बराचसा जनुकांशी, जोडता आला. पण तो एका जनुकाचा खेळ नाही. अनेक जनुकं थोडा थोडा हात लावतात. वेगाशी जोडलेलं ACTN3 हे ख्यातनाम जनुक रोमन अक्षरांत जेवढं भारदस्त दिसतं तेवढं उपयोगी नाही. २०१५ साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितलं की खेळाडू निवडायला किंवा व्यायाम ठरवायला जनुक-चाचण्यांचा आज उपयोग नाही. मग नवव्या गुणसूत्रावरच्या एका साखर जोडणाऱ्या जनुकाकडून काय अपेक्षा धरायची? आणि ज्यांना फायदा होत नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की कमी व्यायामानं ज्यांच्यात फरक पडला नाही, त्यांना आठवड्याला आणखी दोन तासांचा व्यायाम दिला तेव्हा त्या सगळ्यांची क्षमता वाढली. फायदा दिसत नसेल, तर गट तपासण्याआधी मिनिटं तपासावीत.

'पण मला तक्त्याप्रमाणे केल्यावर फरक पडला' असं म्हणणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. आधी काहीच न करणाऱ्या माणसानं धावायला, पोहायला, सूर्यनमस्कार घालायला सुरुवात केली, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत फरक पडतोच. त्याच माणसानं चुकून शेजारच्या रकान्यातला व्यायाम उचलला असता, तरी पडला असता. तक्ता त्याला घराबाहेर काढण्यापुरता कामी आला. मग एवढं झालं तर बिघडलं कुठे, असा प्रश्न राहतो. बिघडतं ते दोन ठिकाणी. पंचावन्न वर्षांचा, रक्तदाब असलेला, वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेला माणूस ओ गटाचा निघतो आणि तक्ता त्याला धाव म्हणतो. १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात, जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका, आठवड्यातून पाच वा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत २.४ पट, तर एकदाही न करणाऱ्यांत १०७ पट वाढलेला आढळला. प्रत्यक्ष धोका तरीही लहानच असतो, घाबरून बसायचं कारण नाही. पण हळूहळू चढवत जाणं का महत्त्वाचं, ते या दोन आकड्यांत दिसतं. दुसरं नुकसान आवाज न करता होतं. चाळिशी-पन्नाशीतली ए गटाची बाई 'मला वजनं मानवत नाहीत' म्हणून फक्त स्नायू ताणण्याचे संथ प्रकार करत राहते, आणि तिला सर्वांत गरजेचा असलेला स्नायूंचा आणि हाडांचा व्यायाम बाजूला पडतो.

मग निवड कशावरून करायची? सुरुवात जिन्यापासून करा. दोन मजले न थांबता, नेहमीच्या गतीनं चढता येतात का? चढताना छातीत दाब, जबडा किंवा हातात दुखणं, चक्कर असं काही झालं, तर व्यायामाचा विषय तिथेच थांबवून आधी डॉक्टरांना भेटा. नुसती धाप लागली, तर तुमचा प्रारंभ चालण्यानं होईल, धावण्यानं नाही. वेग ठरवायला घड्याळ नको : बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरदार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम हवा, शिवाय दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम. पासष्टीनंतर आठवड्यात तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही. भारतातले जवळपास निम्मे प्रौढ या किमान मापापर्यंत पोचत नाहीत, स्त्रिया पुरुषांहून कमी. शेतात, बांधकामावर, ओझी वाहून दिवस घालवणाऱ्यांना हे मिनिटांचं गणित लागू नाही. त्यांची मिनिटं कामातच भरतात. त्यांना गरज असते ती विश्रांतीची, आणि कंबर-खांद्यांना जपत काम करण्याची.

दुसरं माप टेपनं घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं, की भारतीय शरीरासाठी तो इशारा आहे. इथे पुण्याचं एक प्रसिद्ध उदाहरण द्यायला हवं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा शरीरभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून केवढी वेगळी! बारीक हातपाय, पोटावर चरबी, स्नायू कमी, ही आपली ठेवण, आणि तिच्यामुळे मधुमेह लवकर गाठतो. म्हणून मराठी वाचकाला रक्तगटापेक्षा ही ठेवण कळणं जास्त गरजेचं आहे. याचा व्यायामाशी थेट संबंध असा, की आपण चालण्यावर समाधान मानतो आणि स्नायूंचं काम राहून जातं. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस, भिंतीला किंवा ओट्याला टेकून दंड, बैठका, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, रबरी पट्टा ओढणं, हे घरच्या घरी होतं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. सोपं वाटू लागलं की वजन किंवा संख्या वाढवा.

रक्त तपासायचंच असेल तर रिपोर्टमध्ये गटाच्या ओळीवर थांबू नका. हिमोग्लोबिन बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. तांबड्या पेशींचं खरं काम प्राणवायू वाहून नेण्याचं, आणि त्याचा हिशेब हिमोग्लोबिनमध्ये असतो. ते बारा ग्रॅमच्या बरंच खाली असेल, तर अर्ध्या तासाच्या चालण्यानं गळून जाणं हा आळस नव्हे. अशा बाईला 'तुझा गट धावण्याचा आहे' असं सांगणं क्रूर आहे. आधी कारण शोधून लोहाची भरपाई, तोवर हलकं चालणं, आणि आकडा वर आला की हळूहळू वाढ. त्याच रिपोर्टमधली साखर जास्त असेल, तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालण्याचा फायदा लगेच दिसतो. इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खिशात साखर ठेवा आणि वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला. पायांना बधिरपणा असेल तर बूट नीट बघून घ्या आणि रोज तळवे तपासा.

रक्तदाब असेल तर वजन उचलताना श्वास रोखू नका. उचलताना सोडा, खाली ठेवताना घ्या. तो आटोक्यात येईपर्यंत शीर्षासनासारखी डोकं खाली करणारी आसनं नकोत, आणि काचबिंदू असलेल्यांनी तर ती टाळलेलीच बरी. हृदयाचे ठोके कमी ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी नाडीवरून व्यायामाचा जोर मोजू नये, बोलण्याची खूण वापरावी. गुडघे दुखत असतील तर व्यायाम बंद करण्याची आपली सवय चुकीची आहे. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. सायकल आणि पाण्यातला व्यायाम अशांना सोसतो. पर्वती किंवा सिंहगड चढायची हौस असेल तर चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना जास्त महाग पडतं, हे लक्षात ठेवून उतरताना वेग कमी ठेवा.

आणि योगासनं? ती ए गटाची मक्तेदारी नाही. लवचीकपणा, तोल, श्वासावर ताबा आणि मनाला स्वस्थता, हे सगळ्यांनाच हवं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्यांचा हिरिरीनं प्रसार केला, ते सूर्यनमस्कार तर वेगानं घातले की हृदयाचाही व्यायाम होतो, संथ घातले की स्नायू ताणण्याचा. मात्र त्यांत काही ओढण्याचं, उचलण्याचं काम जवळजवळ नाही, म्हणून त्यांच्या जोडीला पाठीचा आणि हातांच्या पकडीचा व्यायाम हवा. शेवटी निवडीत एक गोष्ट राहते जी कोणत्याही रिपोर्टमध्ये येत नाही : तुम्हाला काय आवडतं आणि कधी वेळ मिळतो. सकाळी डबे करणाऱ्या बाईला पहाटेचा जिम सांगून उपयोग नाही. तिला संध्याकाळची वीस मिनिटं आणि दुपारची दहा मिनिटं सांगावीत. बॅडमिंटन आवडत असेल तर बॅडमिंटन, पोहणं आवडत असेल तर पोहणं. सहा महिन्यांनंतरही चालू असेल तो व्यायाम तुमचा.

रक्तगटाचा खरा उपयोग रक्तपेढीत आहे. तो आधी तपासून, लिहून ठेवा. अठरा ते पासष्ट वयात, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असेल, तर पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी रक्त देता येतं. दिल्यावर भरपूर पाणी प्या, आणि त्या दिवशी जड व्यायाम करू नका. हा नियम मात्र चारही गटांना लागू आहे.